हात कोणी दाखवला

नागपूरच्या मे महिन्यात रस्त्यावर माणसं दिसत नाहीत, गाठोडी दिसतात. डोक्यावरून, कानांवरून, नाकावरून पांढरा दुपट्टा घट्ट गुंडाळलेला, वर काळा गॉगल, आणि आत कोण आहे ते आतल्यालाच ठाऊक. सख्खा भाऊ शेजारून गेला तरी ओळखू यायचा नाही. ज्यांच्याशी आपण बोलणं टाकलेलं असतं, त्यांच्या बाबतीत हा महिना मोठा सोयीचा जातो. त्यातून माझ्यासारख्या बायका उन्हात निघताना साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवायच्या. म्हणजे गाठोडं बाईचं की पुरुषाचं तेही चटकन कळायला मार्ग नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे आम्ही नवरा-बायको कोर्टाच्या दारापर्यंत गेलो ते या दुपट्ट्यापायी आणि या सदऱ्यापायी.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि माझी बदली हुडकेश्वरला झाली होती. आज हुडकेश्वरला घराला घर लागलं आहे. तेव्हा तिथं शेतं होती, बाभळी होत्या आणि एक नवीकोरी शाळा होती, जिच्यात शिकवायला जायला कोणी तयार नव्हतं. आम्ही राहायचो अजनीकडे, भाड्याच्या दोन खोल्यांत. सिटी बस हुडकेश्वरच्या बरीच अलीकडे दम सोडायची. सायकल-रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, जाणं होऊन जाईन, पण वापस कोण येईन?"

नोकरी सोडण्याचा प्रश्न माझ्याकडून तरी नव्हता. छपन्नच्या दीक्षेला मला खांद्यावर बसवून नेणाऱ्या माझ्या बाबांनी सासरी पाठवताना एकच गोष्ट सांगितली होती, "बाकी काहीही सोडशीन तं चालन, नोकरी सोडू नोको." आमच्या घराण्यात पगाराच्या वहीवर सही करणारी मी पहिली बाई. तेव्हा शाळा उघडायच्या आत मला हुडकेश्वरला पोचायचा रस्ता शोधायचा होता, आणि तो रस्ता आमच्याच दारात उभा होता. पिस्ता रंगाची स्कूटर.

ही स्कूटर म्हणजे आमच्या यांचा जीव की प्राण. हे सरकारी कचेरीत हिशेब तपासायचे. कैक वर्षं नंबर लावून बसल्यावर गाडी मिळाली होती. रोज सकाळी जुन्या बनियनने तिला पुसून काढायचे. पाऊस आला की गाडी भिजू नये म्हणून घरी ठेवायचे आणि स्वतः भिजत सायकलने ऑफिसला जायचे. अशा माणसाने मला स्कूटर शिकवायचं कबूल केलं, यावरून माझ्या भुणभुणीला केवढी धार होती ते समजून घ्या.

शिकाऊ लायसन मात्र त्यांनी काढू दिलं नाही. त्यांचं म्हणणं असं, "आधी गाडी शिक, मंग लायसन काढू. नाही जमलं तं फॉर्म फुकट जाईन." साऱ्या जगात लोक शिकण्यासाठी शिकाऊ लायसन काढतात. आमच्याकडे शिकून झाल्यावर काढायचं ठरलं होतं. हिशेब तपासणाऱ्या माणसाचं डोकं असं चालतं, आणि गंमत म्हणजे ते मलाही तेव्हा पटलं होतं.

कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर मी शिकले. मैदान संपलं की रस्त्यावर आले. हे मागे बसून सूचना द्यायचे आणि चौक आला की सूचना बंद व्हायच्या, कारण चौकात हे डोळे मिटून घ्यायचे. मला ते दिसायचं नाही, पण पाठीमागे एकाएकी शांतता पसरली की कळायचं.

त्या दिवशी भर दुपारी आम्ही बर्डीवर, बाजारात निघालो. खिडकीला लावायला वाळ्याची ताटी आणायची होती. "या उन्हात रस्त्यावर कुत्रं नसन, तूच चालव," हे म्हणाले. मी सदरा चढवला. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं, हातात कोपराकडे सरकतील इतक्या हिरव्या बांगड्या होत्या, त्यांच्यावर बाहीचं बटण काही बसेना. शेवटी बाह्या वर दुमडल्या. दोघांनी दुपट्टे बांधले, गॉगल लावले, आणि निघाली दोन पांढरी गाठोडी.

बर्डीच्या मोठ्या चौकात मला उजवीकडे वळायचं होतं. तेव्हा वळायचं म्हणजे हात बाहेर काढून दाखवायचा, तोही उजवा. आणि स्कूटरची मूठ, जी पिळली की गाडी पळते, तीही उजव्याच हातात. म्हणजे हात दाखवायला मूठ सोडावी लागते, मूठ सोडली की गाडी खोकायला लागते, आणि गाडी खोकली की मागे बसलेल्या आमच्या यांचा श्वास अडकतो. तरी मी मूठ सोडली. हात सरळ, खांद्याच्या रेषेत, बोटं जुळवून बाहेर काढला. शाळेत पोरांना कवायत शिकवते मी, वाकडा हात मला सहनच होत नाही. वळले, आणि मागून शिट्टी वाजली.

घाबरून मी गाडी पुढे कडुनिंबाच्या सावलीपर्यंत नेली आणि बंद पाडली. चौकातल्या छत्रीखालून शिपाई उतरला. उन्हात कोणी धावत नाही, पोलीसही नाही. तो येईपर्यंत आम्ही दोघंही उतरलो होतो आणि यांनी गाडी माझ्या हातातून काढून घेतली होती. यात डाव काही नव्हता. गाडी स्टँडवर लावायची ती यांनीच, हा आमच्या घरचा नियम होता. मी लावली तर रंग निघतो, अशी यांची समजूत होती.

शिपाई आला. त्याने दोन्ही गाठोडी पाहिली, हँडल धरलेल्या गाठोड्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "लायसन."

यांनी दिलं.

"वळताना हात काहून नाही दाखवला?"

आता या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिथं एकच लायक माणूस होतं, ते म्हणजे मी. मी दुपट्ट्याच्या आत तोंड उघडलं. तेवढ्यात यांनी माझ्या पायावर पाय दिला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "चुकलं, साहेब."

चुकलं! माझ्या वतीने! चलान यांच्या नावावर फाटलं. गाडी कोण चालवत होतं हे शिपायाने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. येताना गाडी यांनी चालवली. मी मागे मांडीवर ताटी धरून बसले आणि घरापर्यंत एक अक्षर बोलले नाही. यांना वाटलं, मला पस्तावा झाला आहे.

घरी आल्यावर दुपट्टा सोडला आणि तोंडही सोडलं. "मी हात दाखवला होता."

"दाखवला असता तं त्यानं शिटी काहून वाजवली असती? सरकारी माणूस उगाच शिटी वाजवत नाही."

"तुम्ही मांगं होते ना? तुमाले दिसला नाही?"

डोळे मिटले होते हे यांना कबूल करवत नव्हतं. मग एकदम मोठे होऊन म्हणाले, "हे पाय, जिले चौकात हात दाखवणं जमत नाही तिनं हुडकेश्वरपर्यंत गाडी न्यावी हे काही खरं नाही. उद्या ट्रकखाली जाशीन. स्कूटर आजपासून बंद. बदली रद्द होत नसन तं राजीनामा दे."

मला जे लागलं ते इथं. तो शिपाई परका, त्याचं काय मनावर घ्यायचं. पण घरच्या माणसाने, ज्याच्या पोटात माझी भाकर आहे त्याने, डोळे मिटून बसल्यावर मला खोटं ठरवावं? मी म्हटलं, "केस लढा."

"काय?"

"चलान कबूल करू नका. कोर्टात जा. कोर्टानं म्हटलं हात दाखवला नव्हता, तं मी राजीनामा देते. पण कोर्टानं म्हटलं दाखवला होता, तं स्कूटर शाळेच्या दिवसांत माही. तुम्ही सायकलनं ऑफिसले जा."

हे खाटेवर बसले. "अवं, डोकं फिरलं का तुहं? केस लढलो अन् त्यांनी विचारलं का गाडी कोण चालवून राहिलं होतं, तं?"

तो मुद्दा मात्र बिनतोड होता. म्हणून आम्ही वरच्या मजल्यावर गेलो.

वर एक म्हातारे वकील राहायचे. वकिली त्यांनी केव्हाच सोडली होती, पण वकिलीने त्यांना सोडलं नव्हतं. सल्ला फुकट द्यायचे, फक्त तो पूर्ण ऐकावा लागायचा. त्यांनी आमची हकीकत डोळे मिटून ऐकली. आमच्या यांनी डोळे मिटणं आणि त्यांनी मिटणं यातला फरक मला तेव्हा प्रकर्षाने जाणवला.

"पाहा," ते म्हणाले, "हात नाही दाखवला, हा किरकोळ मामला आहे. कबूल म्हणा, दंड भरा, घरी या. पण गाडी बाई चालवत होत्या हे बाहेर आलं, तं दोन केसा होतीन. बिनलायसनची गाडी चालवली म्हणून बाईवर एक, अन् बिनलायसनवालीच्या हाती गाडी दिली म्हणून तुमच्यावर दुसरी. मंग बाईचं लायसन लटकलं समजा. अन् तुमची नोकरी सरकारी. आता सांगा, लढाचं आहे?"

"नाही," हे म्हणाले.

"आहे," मी म्हणाले.

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांत त्यांच्याकडे कोणी लढायला आलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. "मंग एक पक्कं ध्यानात ठेवा. कोर्टात खोटं बोलाचं नाही. अन् कोणी विचारल्याबगर खरंही बोलाचं नाही. 'आमच्या गाडीवरून हात दाखवला होता, साहेब.' एवढं एकच वाक्य. ते सोळा आणे खरं आहे. त्याच्या पुढं एक शब्द बोलले तं तुम्हीच तुमचा खड्डा खणला."

शिवाय त्यांनी एक शंका काढली. समजा मॅजिस्ट्रेटने म्हटलं, कसा दाखवला ते करून दाखवा, तर? म्हणून आमच्या घरी तालीम सुरू झाली.

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर हे बसायचे. हातात हँडल म्हणून लाटणं आडवं धरायचे. समोर वकील मॅजिस्ट्रेट होऊन, आणि मी शिक्षिका होऊन, म्हणजे जी आहे तीच होऊन. "वळा उजवीकडे!" मी म्हणायची. हे पहिल्या खेपेला डावा हात काढायचे. दुसऱ्या खेपेला उजवा काढायचे, पण तो असा, की वरातीत बँडपुढे नाचणाऱ्या माणसाचा असावा. "कोपर वाकवू नका! बोटं जुळवा! हाताकडं काय पाहून राहिले? समोर पाहा!" मी ओरडायची. खिडकीत शेजारच्या बायका जमायच्या. एकीने विचारलं, "काय वं, कवायतीत नापास झाले का?" मी म्हटलं, "हो."

यांचा हात काही सुधारला नाही. स्वतः इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हात दाखवता येत नव्हता. हे कधी हात दाखवतच नव्हते, ते त्या तालमीत उघडकीला आलं. लायसन यांच्याकडे आणि हात माझ्याकडे, असा आमचा संसार होता. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. मी ते जपून ठेवलं आणि पुढे जन्मभर वापरलं.

तारखेच्या दिवशी सिव्हिल लाइन्सला कोर्टात गेलो. मला घरीच राहायची ताकीद होती, म्हणून मी त्यांच्या आधी तयार होऊन बसले होते. खोली खच्चून भरली होती. सगळे आमच्यासारखेच किरकोळ गुन्हेगार. बत्ती नसलेले सायकलवाले, डबल सीटवाले, आणि एक जण ज्याच्या म्हशीने रस्ता अडवला होता. वर पंखा नावापुरता फिरत होता. मॅजिस्ट्रेट वयस्क होते, जाड चष्म्याचे. कारकून नाव पुकारायचा, माणूस पुढे व्हायचा, "कबूल?" "कबूल." दंड, पावती, बाहेर. म्हशीवालासुद्धा कबूल म्हणून मोकळा झाला. रांग कशी झरझर सरकत होती.

मग यांचं नाव आलं.

"कबूल?"

यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी भुवई एवढीशी वर केली.

"नाकबूल," हे म्हणाले. आवाज कसला, उंदराने पेटीतून म्हणावं तसा.

कारकुनाची लेखणी थांबली. मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मागच्या रांगेतून कोणीतरी हळहळलं, कारण आता सगळ्यांचाच उशीर होणार होता. "नाकबूल?" मॅजिस्ट्रेट म्हणाले. "हात न दाखवल्याच्या केसमध्ये? बरं. शिपाई हजर आहे ना? आत्ताच ऐकून घेऊ. तुमचं म्हणणं काय?"

"आमच्या गाडीवरून हात दाखवला होता, साहेब."

वाक्य छान बसलं. हे स्वतःच खूश झालेले दिसले. शिपाई पुढे आला. टोपी काढल्यामुळे तो चौकातल्यापेक्षा बराच साधा दिसत होता. मॅजिस्ट्रेटनी त्याला विचारलं, "तुझं काय म्हणणं? हात दिसला का नाही?"

"दिसला ना, साहेब," शिपाई म्हणाला.

खोलीत कुजबुज झाली. यांचं तोंड उघडं राहिलं. मी बाकावर ताठ झाले.

"दिसला? मग चलान काहून फाडलं?"

"साहेब, हात खूब मस्त होता. एकदम सरळ, खांद्याच्या बराबर. गाडीवाल्यानं असा हात दाखवला असता तं म्या सलाम ठोकला असता. पण तो हात यांचा नव्हता. मांगच्या बाईचा होता. बांगड्या होत्या हातात, हिरव्या. त्या साईडले साड्याचं दुकान हाय. मले वाटलं, बाई नवऱ्याले दुकान दाखवून राहिली."

सगळं कोर्ट हसलं. म्हशीचा मालक पावती घेऊन केव्हाच जायला हवा होता, तोही दारात थांबून हसला. मी पदराखाली हात लपवला आणि बांगड्या वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने घट्ट धरल्या. माझा जीव दोन्हीकडून खेचला जात होता. एकीकडे सगळ्यांसमोर, सरकारी माणसाच्या तोंडून, माझा हात सरळ होता हे सिद्ध झालं होतं. बाकावर उभं राहून सांगावंसं वाटत होतं, की हो, माझाच तो, आणि दुकान गेलं खड्ड्यात, मी गाडी वळवत होते! आणि दुसरीकडे, एवढं बोलले असते तर दोन केसा, लायसन गेलं, यांची नोकरी टांगणीला. जन्मात पहिल्यांदा मी तोंड मिटून बसले. त्या दिवसाइतकं मला कधी काही जड गेलं नाही.

मॅजिस्ट्रेट यांच्याकडे वळले. "बोला. हात कोणाचा होता?"

यांच्या कपाळावर घाम फुटला. खोटं बोलायचं नाही, आणि न विचारलेलं खरं बोलायचं नाही. पण हे तर विचारलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि सांगून टाकलं.

"बायकोचा होता, साहेब."

मी डोळे मिटले. आता पुढचा प्रश्न येणार. गाडी कोण चालवत होतं? एवढाच प्रश्न उरला होता, दुसरा उरलाच नव्हता. मला माझी हुडकेश्वरची शाळा दिसली, फळा दिसला, त्याच्यापुढे दुसरीच कोणी बाई उभी दिसली.

तो प्रश्न आला नाही. मॅजिस्ट्रेटच्या डोक्यात तो आलाच नाही, कारकुनाच्या नाही, शिपायाच्या नाही, त्या भरल्या खोलीत एकाच्याही नाही. पुढे बाप्या आणि मागे बाई, हे त्या सगळ्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं होतं, की समोर हिरव्या बांगड्यांचा हात असूनही कोणाला संशय शिवला नाही. मी वाचले, आणि वाचले म्हणून मला अशी काही चीड आली की सांगता सोय नाही.

"हे बघा," मॅजिस्ट्रेट समजुतीने म्हणाले, "बायकोनं मागून हात दाखवला, तो चांगलाही दाखवला असेल, शिपाई म्हणतोच आहे. पण कायद्यात तो चालत नाही. हात चालवणाऱ्याने दाखवायचा असतो. काय?"

"हो, साहेब. चालवणाऱ्यानंच," हे म्हणाले. मला ठाऊक आहे, ते मनापासून म्हणाले.

मग मॅजिस्ट्रेटनी नजर फिरवून विचारलं, "बाई आल्या आहेत का?" मी उभी राहिले. हात पदराखालीच. "बाई, चालत्या गाडीवर मागे बसून असे हात बाहेर काढत जाऊ नका. दुकानं कुठं पळून जात नाहीत."

लोक पुन्हा हसले. "हो, साहेब," मी म्हणाले. त्या दोन शब्दांसाठी मला सरकारने पदक द्यायला हवं होतं.

यांना दंड झाला. तो यांनी अशा आनंदाने भरला, की कारकुनाने नोट उजेडात धरून तपासली.

बाहेर आलो. कोर्टाच्या फाटकाशी उसाच्या रसाचा ठेला होता, तिथं बाकावर बसलो. हे रुमालाने मान पुसत म्हणाले, "सुटलो बाई एकदाचे. केस हरलो, आता ठरल्याप्रमाणे..."

"केस तुम्ही हरले," मी म्हटलं. "आपलं ठरलं काय होतं? कोर्टानं म्हटलं हात दाखवला, तं स्कूटर माही. कोर्टानं म्हटलं का नाही हात दाखवला?"

"पण त्यानं तं म्हटलं मांगून..."

"म्हटलं का नाही?"

यांनी रस प्यायला. ग्लास रिकामा झाल्यावरही बराच वेळ तोंडाला लावून ठेवला. मग ग्लास खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरळ होता म्हणे."

"म्हणे?"

"होता," हे म्हणाले. "म्या डोळे मिटले होते."

मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांना आणखी एक ग्लास रस पाजला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही शिकाऊ लायसन काढलं आणि रीतसर मुदत भरल्यावर परीक्षा दिली. तपासणाऱ्या साहेबांनी मैदानात आठाचा आकडा काढायला लावला, हात दाखवायला लावला, आणि फॉर्मवर सही केली. शाळा उघडली. हे सायकलने ऑफिसला जाऊ लागले. जाण्याआधी स्कूटर पुसून द्यायचे मात्र थांबले नाहीत. मी पावसाने चिखल झालेल्या रस्त्याने हुडकेश्वरला जायची तेव्हा पोरं बांधावरून ओरडायची, "बाई आली, बाई आली!" आणि शाळेपर्यंत मागे पळत यायची.

असंच एकदा शाळेसाठी खडू आणायला बर्डीवर गेले होते. उन्हाळा सरला होता, दुपट्टा नव्हता, सदरा नव्हता, तोंड उघडं. त्याच चौकात, तिथंच उजवीकडे वळायचं होतं. मी मूठ सोडली, हात बाहेर काढला. छत्रीखाली तोच शिपाई होता. त्याने आधी हाताकडे पाहिलं. बांगड्यांकडे पाहिलं. पिस्ता रंगाच्या स्कूटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि शिट्टी वाजली.

मी कडुनिंबाखाली थांबले. तो पुन्हा तसाच, बेतात चालत आला.

"लायसन."

मी पर्समधून काढून पुढे केलं. कोरं करकरीत होतं, ते त्याने कितीही उलटसुलट करून पाहावं अशी माझी तयारी होती. पण त्याने ते उघडलंसुद्धा नाही. हातात घेतलं, नुसतं वजन करावं तसं धरलं आणि परत दिलं.

"हात तवाही बराबरच होता, बाई," तो म्हणाला. "मीच तुमाले मांगं बसवलं."

मग चौकात परत जाऊन त्याने माझ्यासाठी दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली.